तुम्ही विचारलंत म्हणून: कसली वाट पाहता?

आमच्या सोसायटीतल्या काकू दर आषाढीला वारीला जातात. त्यांचा हरिपाठ संध्याकाळी, माझं बसणं पहाटे. एकदा दूध आणायला जाताना त्यांना खिडकीतून मी दिसले. खुर्चीत नुसतीच बसलेली, हात मांडीवर, बायबल मिटलेलं. तेव्हापासून विचारतात, "सिस्टर, त्या वेळी तुम्ही करता तरी काय?" देवाची वाट पाहते, असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतोच. तो नातेवाईक विचारतात, आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलंही विचारतात, फक्त जरा हळू आवाजात: "पण सर तर गेले. आता कसली वाट?" सर म्हणजे माझे यजमान.

एकतीस वर्षं नर्स होते, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. सर्जिकल वॉर्डात तीन ते चार हा तास सरता सरत नाही. ऑपरेशन झालेल्या पेशंटला पाणी द्यायचं नसतं आणि त्याला तर तहानेशिवाय दुसरं काही सुचत नसतं. मग गॉजचा तुकडा ओला करायचा, ओठांवरून फिरवायचा, सलाईनचे थेंब मोजायचे, टॉर्चच्या उजेडात चार्ट भरायचा. दर दहा मिनिटांनी एकच विचारणा: "सिस्टर, उजाडलं का?" मी म्हणायची, "उजाडेल हं दादा." उजाडवणं माझ्या हातात नव्हतं. जागं राहणं होतं.

बायबलमधलं स्तोत्र 130 वाचते तेव्हा मला तो वॉर्ड दिसतो. पहारेकरी पहाटेची जितकी वाट पाहतात त्याहून अधिक माझा जीव प्रभूची वाट पाहतो, असं स्तोत्रकर्ता म्हणतो आणि पहारेकऱ्यांचे ते शब्द लगेच दुसऱ्यांदा म्हणतो. विद्वान त्याला काव्यरचना म्हणत असतील. मला त्यात पाचच मिनिटांनी पुन्हा घड्याळ बघणारा माणूस ऐकू येतो. चाळिसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाही मूळ हिब्रूत 'वाट पाहणे' हे क्रियापद लागोपाठ दोनदा येतं. आपण 'वाट पाहून पाहून' म्हणतो ना, अगदी तसं.

आता सरांचं. दोन्ही किडन्या गेल्या. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मंडळीने साखळी प्रार्थना ठेवली, पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घरी येऊन प्रार्थनेचं तेल लावून गेले, मी उपास केले. काही जण सांगायचे, "देवाच्या वेळेवर होईल, धीर धरा." हे वाक्य मला आजही आवडत नाही. बोलणारा उठून घरी जातो, धीर धरणारा तिथेच राहतो. त्या दिवसांत मला तेरावं स्तोत्र जवळचं वाटायचं. त्याच्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा आहे. देवाला असं धारेवर धरणाऱ्याचे शब्द शास्त्रातून कुणी खोडले नाहीत. तेव्हा मीही विचारलं, डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर, कधी कधी चांगलंच रागावून. सर मार्चमध्ये गेले.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी बसले नाही. उपासनेला जायची, गायची, घरी यायची. पुन्हा बसायला लागले ते काही मोठा साक्षात्कार झाला म्हणून नाही. रात्रपाळीची सवय अंगात मुरलेली, चारला जाग यायची, आणि पडून राहिलं की बाजूची रिकामी उशी दिसायची.

सुरुवातीला खरंच कळत नव्हतं काय मागायचं. जे मागायचं होतं त्याची वेळ टळून गेली होती. मग बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातल्या तिसाव्या अध्यायातलं अठरावं वचन समोर आलं. पूर्वी शंभरदा वाचलेलं असेल. तुमच्यावर कृपा करावी म्हणून परमेश्वर वाट पाहतो, असं त्यात आधी म्हटलंय, आणि शेवटी, जे त्याची वाट पाहतात ते धन्य. बायबल अभ्यासाच्या वर्गात कळलं की हिब्रूत दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. देवासाठी वेगळा, भारदस्त शब्द नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा काही न मागता अर्धा तास बसले. वॉर्डात एखादीचा नवरा स्टुलावर बसून राहायचा, दोघं बोलायची नाहीत, पण तो चहा प्यायला गेला की तिचे डोळे दाराकडे लागायचे. तसलं बसणं.

हे काकूंना सांगितलं तर त्या चटकन म्हणाल्या, "मग आमचा विठोबा काय करतोय? अठ्ठावीस युगं विटेवर उभाच आहे की!" त्यांचा देव वेगळा, माझा वेगळा, त्यावर आम्ही वाद घालत नाही. पण तिष्ठणं काय असतं ते मला त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

एक कबुली द्यायची राहिली. गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना घटकाभर जागं राहायला सांगितलं होतं आणि ते झोपले. वॉर्डात इतकी वर्षं डोळ्याला डोळा न लावणारी मी, आता त्या खुर्चीत पावणेपाचच्या सुमारास हमखास पेंगते. दूधवाल्याची घंटा झाली की दचकून उठते. काकूंना खिडकीतून हे अजून दिसलेलं नसावं.