६५० घातलं आणि ४८०च बाहेर आलं: मुलाच्या पोटाच्या डायलिसिसचा माझा अनुभव

ज्यांच्या घरी लहान मुलाचं पोटाचं डायलिसिस नुकतंच सुरू झालंय त्यांच्यासाठी लिहितेय. आम्ही अमळनेर तालुक्यातले, मुलगा ६ वर्षांचा, लघवीच्या वाटेत जन्मापासून पडदा होता त्यानं दोन्ही किडन्या गेल्या. ८ महिने झाले मी घरीच करतेय, दिवसाला ४ एक्सचेंज, म्हणजे पोटातलं जुनं पाणी काढून साखर असलेलं नवं डायलिसिसचं पाणी घालायचं.

मुंबईच्या डॉक्टरांनी उंची १०० सेंमी आणि वजन १५ किलो यावरून अंगाचं क्षेत्रफळ काढलं, ०.६५ चौरस मीटर, आणि एका वेळचं पाणी ६५० मिली ठरवलं. पोटात नळी बसवायच्या ऑपरेशननंतर लगेच एवढं नाही, थोडं थोडं वाढवत नेलं. मी विचारलं नुसत्या वजनावर का नाही धरत, तर म्हणाले वजनाच्या मानानं लहान मुलांचा पोटातला पडदा मोठ्यांच्या जवळपास दुप्पट असतो, किलोवर धरलं तर पाणी कमी पडतं, आणि पाणी कमी असलं की त्यातली साखर लवकर अंगात शोषली जाते मग अंगातलं जास्तीचं पाणी ओढलं जात नाही.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस ६५० घातलं आणि ४८०च आलं. परत केलं तरी तेच. मी रडायलाच लागले. मिस्टर म्हणाले दीड टक्के साखरेची बॅग सोड, अडीच टक्क्यांची लाव, मी नको म्हटलं आणि सिस्टरांना फोन लावला. नळीला पीळ पडलाय का बघा, कूस बदलवा, उठून बसवा, सगळं केलं. तेवढ्यात सासूबाई बोलल्या, "पोऱ्यानं पोट साफ व्हयनं का?" ३ दिवस शी झाली नव्हती! फॉस्फरस कमी करायच्या गोळ्या, त्यात पाणी मोजून, लेकराला कडक व्हायची, आणि आतडी भरली की आतली नळी दाबली जाते किंवा जागेवरनं सरकते. डॉक्टरांनी पातळ शी होण्याचं औषध दिलं, दुसऱ्या दिवशी ७००च्या वर आलं. तेव्हापासून वहीत पहिला रकाना शी झाली का हाच.

दुसरी चूक माझीच. धुळ्याला लग्नात गेलो आणि ४ तासांचं पाणी ७ तास पोटात राहिलं. साखर शोषली गेली की पाणी उलट अंगात परत जातं, संध्याकाळी पोराचे डोळे सुजलेले. मग वाटलं लवकर लवकर काढत जावं, तर तेही चालत नाही, युरिया पटकन निघतो पण फॉस्फरसला वेळ लागतो.

आणि पाणी गढूळ दिसलं तर थांबू नका हो, बॅग घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात निघा. इन्फेक्शनमध्ये पडदा सुजतो, साखर भराभर शोषली जाते, पाणीही कमी येतं. आमचं एकदा झालंय.

पुढच्या महिन्यात पेट (PET) टेस्ट आहे, पोटातला पडदा किती वेगानं काम करतो ते बघायची, ४ तास पाणी ठेवून मधे मधे पाण्याचं आणि एकदा रक्ताचं सॅम्पल घेतात. त्याचा पडदा फास्ट निघाला तर वेळ कमी करून रात्री आपोआप पाणी बदलणाऱ्या मशीनचं बघू म्हणालेत. रात्री लाईट जाते आमच्याकडे, इन्व्हर्टरचं आत्तापासूनच विचारून ठेवलंय.