काजूचा आंबवलेला रस, खेप तिसरी (वाळपई, गोवा, एप्रिल)

पहिला दिवस, संध्याकाळ. बोंडू (काजूची फळं) 10 किलो, सगळे आपोआप गळून पडलेले. झाडावरून ओढून काढलेले गोडीला कमी, तुरटपणाला जास्त; दुसरी खेप त्यांनीच बिघडवली. बिया पिरगळून काढल्या. एकही राहू देऊ नका, कवचातला चीक जहाल असतो. एवढ्याशा मालाला कोळंबी (बोंडू पायाने तुडवायची जागा) कशाला, स्टीलच्या परातीत हातानेच कुस्करले. लोखंडी विळी किंवा कढई मात्र लांब ठेवा. बोंडवातलं टॅनिन लोखंडाला लागलं की रस काळवंडतो.

फडक्यातून पिळून 6 लिटर रस, हायड्रोमीटरवर (रसाची घनता; साखर आंबेल तसा आकडा उतरतो) 1.048. चोथ्याची पुरचुंडी बांधून वर वरवंटा ठेवला, रात्रभरात पाऊण लिटर नीरो, म्हणजे चोथ्यातला उरलेला रस, ठिबकला. फेणीच्या भट्टीवर हेच काम चोथ्याचा ढीग नुडीच्या वेलीने आवळून वर धोंडा ठेवून होतं. नीरो आंबवायचा नाही; गार करून सकाळीच संपवायचा, उन्हं चढली की फेस धरतो.

रसात यीस्ट घातलं नाही, सालीवरचं पुरतं. म्हणून बोंडू धुवायचे तेही बेताने, माती जाण्यापुरते. भरणी 8 लिटरची. पहिल्या खेपेत गळ्यापर्यंत भरली होती, पहाटे ओट्यावर फेसाचा पूर. तोंडाला पातळ फडकं, घट्ट झाकण नाही.

दुसरा दिवस. सकाळी 1.041, संध्याकाळी 1.029. खोलीत 32 अंश. कान लावला तर चुरचुर ऐकू येते.

तिसरा दिवस. 1.012. वर तरंगलेला चोथ्याचा थर एकदा ढवळून खाली बसवला. कोरडा पडला की त्यावर बुरशी धरते.

चौथा दिवस, संध्याकाळ. 1.004, फेस बसला. हिशेबाने साधारण 5.8 टक्के अल्कोहोल. वास पिकल्या बोंडवाचा, चव आंबट-तुरट. इथेच थांबायचं. आणखी दोन दिवस उघडं राहिलं की चिलटं येतात, हवेतले जंतू अल्कोहोलचा शिरका करतात, आणि मग मागे फिरता येत नाही.

पुढचं ऊर्ध्वपातन परवानाधारक भट्टीचं काम, घरचं नव्हे. पहिल्या धारेचा हुर्राक साधारण 15 टक्क्यांचा. तोच ताज्या आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा उकळला की फेणी, 42 च्या आसपास. काजू फेणीला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे.

4 लिटर गाळून फ्रीजमध्ये. तळाचा गाळ आणि उरलेला रस मुद्दाम उघडा ठेवलाय, शिरक्यासाठी. पुढची खेप मातीच्या मडक्यात: पाझरून मडकं गार राहतं, रस सावकाश आंबतो का ते बघायचंय.