घोटाघोटाने जाणारी साखर

दादरला घेतलेली शीतपेयाची बाटली लोकलमध्ये बोरिवलीपर्यंत पुरवून पिणारी कॉलेजची मुले मी नेहमी पाहते, आणि साखरेइतकीच काळजी मला त्या पुरवून पिण्याची वाटते. तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, कोलामध्ये तर फॉस्फोरिक आम्ल मुळातच असते. तोंडातला पीएच (आम्लतेचे माप; आम्ल वाढले की हा आकडा उतरतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातांवरील कवचातील खनिजे विरघळू लागतात. लाळ ही झीज भरून काढू पाहते, पण त्यासाठी तिला जी उसंत लागते, ती दर पाच मिनिटांनी घेतलेला नवा घोट मिळू देत नाही. पेय पिऊन लगेच दात घासू नयेत, कारण मऊ पडलेले कवच ब्रशने अधिकच झिजते. साध्या पाण्याने चूळ भरावी.

३०० मिलीलीटर कोलात साधारण ३० ग्रॅमहून अधिक साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनांनुसार प्रौढाने दिवसभरात शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहावे. पातळ पदार्थातल्या साखरेने पोट भरल्यासारखे वाटत नाही, त्यामुळे जेवण तेवढेच राहते आणि वजनाबरोबर टाइप २ मधुमेहाचा धोका वाढतो. नाक्यावरचा उसाचा रसही, नैसर्गिक असला तरी, याच हिशेबात धरावा लागतो.