सर्व खिडक्या बंद, ठीक

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पहाटे सहाला साडेएकोणतीस अंश होता आणि सातव्या मजल्याचा पावणेसव्वीस.

इमारत एकच. काँक्रीट त्याच प्रतीचं, जाडी तीच, बाहेर रात्रभर तीच बावीस अंशांची हवा. मी थर्मामीटर दोनदा तपासला. इन्फ्रारेडची ती बंदूक चकचकीत ॲल्युमिनियमवर धरली की बिनदिक्कत खोटं सांगते, पण उघड्या, खरबरीत काँक्रीटवर तिच्यावर भरवसा ठेवायला हरकत नसते. पुन्हा तेच आकडे आले.

खालचे चार मजले कार्यालयं, वरचे सहा मजले घरं. तीन वर्षांपूर्वी आम्ही ताबा दिला. हरित मानांकनाची पाटी लॉबीत लागली, फोटो निघाले, आणि आर्किटेक्ट मंडळींच्या रिवाजाप्रमाणे मी पुढच्या कामाला लागले. आता तक्रार आली होती की कार्यालयांत दुपारी तीननंतर बसवत नाही, आणि त्या मजल्यांचा वीजवापर आमच्या अंदाजाच्या जवळपास दीडपट आहे. घरवाल्यांची एकही तक्रार नव्हती.

बैठकीत जे व्हायचं तेच झालं. मालकाच्या प्रतिनिधीला काचेचा संशय. वातानुकूलन पाहणारा सर्व्हिसेस कन्सल्टंट म्हणाला, चिलर, म्हणजे इमारत गार करणारं मुख्य मशीन, लहान पडतोय, टनेज (त्याची क्षमता) वाढवा. (त्याच्याकडे कुठलंही दुखणं न्या, औषध एकच: मोठं मशीन.) पश्चिमेच्या भिंतीवरची वेलींची बाग, जी मला कधीच नको होती, तिला पाणी कमी पडतंय का यावरही दहा मिनिटं गेली. स्लॅबबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. काँक्रीट म्हणजे इमारत उभी ठेवणारी वस्तू, याच्यापलीकडे त्याचा कोणी विचारच करत नाही.

आमची सगळी रचना मात्र त्या स्लॅबवरच उभी होती, दोन्ही अर्थांनी. कार्यालयांत फॉल्स सीलिंग लावायचं नाही, हे मी भाडेकरारात घालून घेतलं होतं. त्यासाठी सहा महिने भांडले होते. कारण छत उघडं असेल तरच ते दिवसाची उष्णता पिऊन घेतं. चोवीस तासांच्या चक्रात या देवाणघेवाणीत काँक्रीटचा साधारण दहा सेंटिमीटरचाच थर भाग घेतो. एक चौरस मीटर धरा: दोनशे चाळीस किलो. तो रात्रीत तीन अंशांनी थंड झाला, तर दुसऱ्या दिवशी जवळपास १८० वॉट-तास उष्णता शोषतो. म्हणजे टेबलाशी बसलेला एक माणूस दोन-अडीच तासांत हवा जेवढी तापवतो, तेवढी. आणि हे फक्त एका चौरस मीटरचं. शिवाय डोक्यावरचा पृष्ठभागच गार असला की हवा अंशा-दीड अंशाने गरम असली तरी अंगाला जाणवत नाही. काटा हवेचं तापमान दाखवतो. शरीर हवेसोबत आजूबाजूच्या पृष्ठभागांचंही मोजत असतं.

अट एकच, रात्री स्लॅब रिकामा झाला पाहिजे. त्यासाठी खिडक्यांच्या वरच्या पट्टीत मोटरवर चालणारे झरोके होते. रात्री अकराला उघडायचे, सकाळी सहाला बंद. पाऊस आला तर सेन्सर ते स्वतः मिटवणार.

क्लायंटला ही कल्पना पटवताना मी झिंबाब्वेतल्या हरारेचं ईस्टगेट सेंटर दाखवलं होतं, तेही रात्रीच्या हवेनेच काँक्रीट गार करतं. आर्किटेक्ट मिक पिअर्स यांनी रचलेली ती इमारत १९९६ मध्ये खुली झाली आणि तेव्हापासून ‘वाळवीच्या वारुळासारखी आतून गार’ या उपमेसकट ती प्रत्येक सादरीकरणात येते, माझ्याही आली. मी सांगितलं नाही ते हे, की तिथे रात्रीची हवा मजल्यांच्या पोकळ्यांतून पंख्यांनी खेळवली जाते. पंख्यांची वीजही वाचवू म्हणून मी झरोके निवडले. तेव्हा ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

सातव्या मजल्यावर मोटर नव्हती. तिथली माणसं झोपताना हाताने खिडकी उघडत होती, बस्स. त्यामुळे पहाटेचे आकडे एकच सांगत होते: खालचे झरोके रात्री उघडत नाहीत. पण बीएमएसच्या, म्हणजे इमारतीची यंत्रं चालवणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावर तीन वर्षांची नोंद स्वच्छ होती. रोज रात्री अकरा, हिरवा ठिपका, ‘उघडे’. मग त्या रात्री मी तिथेच थांबले.

अकराला मोटरी घुमल्या. झरोके एका चालीत, सुरेख उघडले. तीन वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं, जरा भारावूनच गेले. हवा आत आली, कुणाच्या तरी टेबलावरचा कागद हलला. दहा मिनिटांनी मोटरी पुन्हा घुमल्या आणि सगळे झरोके मिटले. बाहेर पावसाचा थेंब नव्हता.

मी जिन्याने तळमजल्यावर आले. पॅनेलसमोर रात्रपाळीचे वॉचमन उभे होते, हातात किल्ली. स्विच ‘ऑटो’वरून ‘हँड’वर, म्हणजे हाताने चालवायच्या खुणेवर.

“काका, हे रोज करता?”

“रोज, मॅडम. एक दिवस चुकलेला नाही.”

त्यांनी वही दाखवली. प्रत्येक पानावर निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात एकच ओळ: ‘रा. ११.१० – सर्व खिडक्या बंद. ठीक.’ सकाळी सहाला ते स्विच परत ऑटोवर ठेवत, कारण ‘जसं होतं तसं ठेवायचं’ ही शिस्त. तोवर रात्रीची वेळ उलटलेली असे, त्यामुळे झरोके बंदच राहत आणि कुणाला पत्ता लागत नसे.

कारण विचारल्यावर त्यांनी तारखेसकट सांगितलं. ताबा दिल्याच्या पहिल्याच महिन्यात रात्री वाऱ्याने कागद उडाले, हालचाल टिपणारा सेन्सर पेटला, चोराची घंटा वाजली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी तेव्हाच्या मॅनेजरने त्यांना फैलावर घेतलं आणि तोंडी हुकूम दिला, रात्री एकही खिडकी उघडी दिसता कामा नये. तो मॅनेजर वर्षभरात गेला. हुकूम राहिला.

आणि हिरवा ठिपका? पडदा दाखवत होता ते झरोक्याची स्थिती नव्हे, झरोक्याला गेलेला आदेश. खरी स्थिती कळवणारे लिमिट स्विच मूळ ड्रॉइंगमध्ये होते. खर्चकपातीच्या बैठकीत ते उडाले. त्या बैठकीच्या इतिवृत्तावर माझीही सही आहे. यंत्रणा तीन वर्षं रोज सांगत होती की मी उघडा म्हटलंय, आणि आम्ही ऐकत होतो की उघडे आहेत. त्या इमारतीतली सगळ्यांत खरी नोंद निळ्या शाईतली होती, आणि ती वाचायला कोणी आलं नव्हतं.

सिम्युलेशनमध्ये मी वर्षाचे ८७६० तास चालवले होते. ऊन, वारा, माणसांची ये-जा, संगणकांची उष्णता, सगळं तासातासाने घातलं होतं. वॉचमन घातला नव्हता. घंटेचा सेन्सर आणि झरोका एकाच खोलीत आहेत, हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. एक सुरक्षेच्या ड्रॉइंगवर, दुसरा आमच्या. १९९५ पासून ब्रिटनमध्ये ‘प्रोब’ नावाने वापरातल्या इमारतींची उलटतपासणी झाली होती. चालवणाऱ्याला न उमगणारी नियंत्रणं हे दुखणं तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे. मी ते वाचलंही होतं. कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा तपासून सुरू करून देण्याच्या, दिवशी मॅनेजरला दोन तास समजावलं आणि चार जाड फायली दिल्या. रात्री अकराला इमारतीत जो माणूस असतो, त्याला कोणी काही सांगितलं नाही.

दुरुस्ती फार नव्हती. चोराची घंटा हालचालीऐवजी दार उघडल्यावर वाजेल अशी दारांच्या संपर्कांवर घेतली, लिमिट स्विच बसवले, पॅनेलशेजारी मोठ्या अक्षरात अर्ध्या पानाची सूचना लावली. आठवड्याभरात दुसऱ्या मजल्याचा स्लॅब पहाटे सव्वीसवर आला. चिलर आहे तोच आहे.

अडलंय ते अहवालात. मालकाच्या बाजूने निरोप आहे की ‘कारण’ या रकान्यात ‘कर्मचाऱ्याची चूक’ लिहा, म्हणजे विषय मिटेल. काकांनाही कुठून तरी ते कळलं असावं. जाताना त्यांनी विचारलं होतं, “म्हणजे एवढी वीज माझ्यामुळे गेली का, मॅडम?” मी नाही म्हटलं, पण घाईघाईत, बॅग आवरता आवरता. नीट सांगायला हवं होतं. मी मसुद्यात माझ्या सहीची बैठक तारखेनिशी लिहिली. ऑफिसातल्या ज्येष्ठांनी ती ओळ खोडून परत पाठवली. मी पुन्हा घातली. सध्या तो मसुदा असा ये-जा करतोय.

परवा रात्री एकच्या सुमारास काकांचा फोन आला. पाऊस सुरू झाला होता.

“मॅडम, बंद करू का?”

म्हटलं, हात लावू नका, थोडं थांबा. दोघंही गप्प राहिलो. मग फोनमधूनच मोटरींची घुमघुम ऐकू आली.

“झाल्या बंद,” ते म्हणाले. जरा वेळ थांबले. “आता वहीत काय लिहू? मी केल्या, का त्यांच्या त्याच झाल्या?”