गुलाब उंच सुटला की काय करावं: माझा अनुभव

क्वीन एलिझाबेथ लावला की उंचीचा प्रश्न येतोच. १९५४ साली बाजारात आलेली ही जात मुळातच उंच, माणसाच्या डोक्यावर सहज जाते. माझ्याकडेही खाली नुसती काटेरी खोडं आणि फुलं सगळी वर. मला ती नाकासमोर हवी होती, म्हणून या हंगामात मनावर घेतलं.

आधी बुडाशी माती उकरून पाहिली. कलमाच्या गाठीखालून खुंटाचा, म्हणजे ज्या गुलाबावर कलम बांधलेलं असतं त्याचा, फुटवा येतो आणि सरळ वर धावतो. पानं मोजून तो ओळखता येतो म्हणतात, पण मला ती खूण भरवशाची वाटत नाही; तो कुठून निघालाय तेच बघावं. असा एक सापडला, तो ओढून मुळातूनच काढला. कात्रीने कापला तर बुडाशी उरलेले डोळे, म्हणजे जिथून नवा कोंब निघतो त्या जागा, पुन्हा फुटतात.

मग छाटणी. वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढल्या. बाकीच्यांना बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरपा काप दिला. उंचीचा साधारण तिसरा हिस्सा काढला आणि थांबले, कारण ही जात खोल छाटली की मोजक्याच पण लांबलचक फांद्या फेकते.

सगळ्यात जास्त जीव घातला तो फांद्या वाकवण्यात. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. नुसता शेंडा छाटला तर कापाखालचे एक-दोन डोळे फुटतात आणि तेही वरच पळतात. फांदी आडवी केली की हा दाब सैल होतो. म्हणून दोन लांब, लवचीक फांद्या न छाटता रोज थोड्या थोड्या वाकवत जमिनीतल्या खुंट्यांना सुतळीने बांधल्या. जून फांदी घेऊ नये, ती बुडाशी चिरते. त्यानंतर रोज सकाळी पाहणं सुरू झालं: पानाच्या बगलेत टाचणीच्या डोक्याएवढा तांबडा ठिपका, मग बारीक टोक, मग तांबूस पानांची मिटलेली घडी. काही डोळे झोपूनच राहिले, पण पुष्कळ उठले, आणि प्रत्येकाच्या टोकाला कळी. किती आनंद झाला!

बुडातून येणारा नवा जाड फुटवा गुडघ्याएवढा झाला की आता नखानेच शेंडा खुडते, म्हणजे तो तिथेच फांद्या धरतो. नत्राचं खत कमी केलं. ऊनही बघावं, सावलीत कुठलाही गुलाब लांबतोच.

आडव्या फांद्यांवरच्या फुलांचे देठ आखूड असतात, फुलदाणीसाठी ते पुरत नाहीत. त्यासाठी मधली उभी खोडं ठेवली आहेत. पुढच्या मोठ्या छाटणीला या दोन आडव्या फांद्या काढून त्यांच्या जागी यंदाचे नवे फुटवे वाकवणार आहे.