स्की शिकायला गुलमर्ग की आल्प्स : माझा अनुभव

स्कीइंगसाठी काश्मीरला जावे की थेट युरोप गाठावा, असे आता ओळखीतले बरेच जण मला विचारतात, कारण मी आणि माझे पती दोन्हीकडे स्की करून आलो आहोत. माझे उत्तर विचारणाऱ्याच्या खिशापेक्षा तो शिकण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे यावर अवलंबून असते. असे का, ते आम्ही ज्या क्रमाने गेलो त्याच क्रमाने सांगते.

आम्ही दोघेही पुण्यात वाढलेलो, त्यामुळे बर्फाशी आमचा संबंध शून्य होता. भारतात शिकायचे तर उत्तराखंडमधले औली आणि काश्मीरमधले गुलमर्ग हे दोन पर्याय प्रथम समोर आले. औलीत गढवाल मंडल विकास निगम ७ आणि १४ दिवसांचे वर्ग घेते. मात्र जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचू लागल्यावर तिथून वर जाणारा रोपवे बंद करण्यात आला, म्हणून आम्ही गुलमर्ग निवडले. तिथे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे, आणि अशा सरकारी वर्गांचे शुल्क खासगी सहलीच्या मानाने इतके कमी असते की हा खेळ आपल्याला झेपेल का, हे पाहण्यासाठी मोठी रक्कम पणाला लावावी लागत नाही. जाण्याआधी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी : इतर राज्यांतले प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या पहिल्या दिवसांत शिक्षक उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टकडे फिरकूही देत नाहीत. जड बूट आणि स्की घालून उताराला आडवे उभे राहायचे, एकेक पाऊल बाजूला टाकत वर चढायचे आणि मग तेवढेच अंतर खाली घसरत यायचे. विरळ हवेत धाप लागते, पिंढऱ्या भरून येतात, पण स्कीची कड बर्फात रुतवणे म्हणजे काय, हे पायांना त्या चढण्यातूनच कळते. त्यानंतर दोन्ही स्कींची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग मोडण्याची स्नो-प्लाऊ पद्धत शिकवली गेली. ती आमच्या अंगात इतकी भिनली की पुढे कुठल्याही उतारावर भीतीने हातपाय गार पडले नाहीत. शिक्षक हिंदीतून बोलत होते, न थकता पुन्हापुन्हा दाखवत होते. आपल्याला कळणाऱ्या भाषेत शिकणे हा या खेळात फार मोठा आधार आहे, असे मला मनापासून वाटते, कारण घसरताना वाक्याचा अर्थ लावत बसायला वेळ नसतो.

गुलमर्गची अडचण यापुढे सुरू होते. शिकाऊंचे सौम्य उतार आणि चेअरलिफ्टचा भाग संपला की गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, आधी कोंगदूरीच्या मधल्या टप्प्यापर्यंत आणि मग अफरवत डोंगरावरच्या सुमारे ३,९५० मीटर उंचीच्या टप्प्यापर्यंत नेतो. तिथे समोर येतो तो बहुतांशी न दाबलेला, मोकळा डोंगरउतार. जगभरातले कसलेले स्कीअर त्या भुसभुशीत बर्फासाठीच येतात, पण त्यांच्याजवळ हिमस्खलनात गाडले गेल्यास शोधता यावे म्हणून ट्रान्सीव्हर (सिग्नल देणारे आणि पकडणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी) आणि फावडे असते, आणि मुख्य म्हणजे ते वापरण्याचा सराव असतो. नुकतेच वळायला शिकलेल्या माणसाला तिथे जागा नाही. मधली पायरी, म्हणजे दाबून सपाट केलेले, हळूहळू अवघड होत जाणारे लांब उतार, गुलमर्गमध्ये जवळजवळ नाहीत.

दुसरा प्रश्न बर्फाचा. काश्मीरचा बर्फ हिवाळ्यात येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर अवलंबून असतो. जानेवारी २०२४ मध्ये चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मीरमधल्या सर्वांत कडक थंडीच्या काळातही गुलमर्गची कुरणे बराच काळ उघडी होती, आणि बर्फ त्या वर्षी उशिरा आला. म्हणून जानेवारीपेक्षा फेब्रुवारीतला वर्ग धरावा, असे मी सांगते.

ती मधली पायरी आम्ही ऑस्ट्रियात, त्सेल अम झी आणि काप्रून या जोडगावांत गाठली. साल्झबर्गहून तिथे रेल्वेने जाता येते, आणि किट्झश्टाइनहॉर्नच्या हिमनदीवर लिफ्ट ३,००० मीटरच्या वर पोहोचत असल्याने बर्फाची खात्री बरीच असते. तयारीला मात्र वेळ द्यावा लागतो. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. हा विमा घेताना हिवाळी खेळ त्यात धरले आहेत का, हे पॉलिसीत स्वतः वाचून घ्यावे. अनेक साध्या पॉलिसी ते वगळतात, आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च तिकडे जखमी स्कीअरकडूनच घेतला जातो.

तिथे निळ्या, लाल आणि काळ्या रंगांनी उतारांची अवघडता दाखवलेली असते. आम्ही निळ्यांवर सुरुवात केली आणि वळणे जुळू लागल्यावर लालांवर गेलो. एक लिफ्ट संपते तिथून दुसरी सुरू होत असल्याने दिवसभर जवळजवळ अखंड स्की करता येते. गुलमर्गमध्ये गोंडोलाच्या रांगेत नुसता बर्फ पाहायला आलेले पर्यटकही असतात, त्यामुळे तेवढ्याच वेळात उतरण्याच्या फेऱ्या फारच कमी होतात. आल्प्समधल्या मोठ्या ठिकाणी दिवसाचा पास चांगलाच महाग असतो, शिवाय भाड्याची साधने, शिकवणी आणि हॉटेल वेगळे. ज्याला थांबता आणि वळता येते त्याचाच हा पैसा वसूल होतो. अगदी नवख्या माणसाने तिकडे जाऊन सपाट शिकाऊ पट्ट्यावर दिवस घालवणे मला पटत नाही, कारण तेच शिक्षण गुलमर्गमध्ये कितीतरी कमी खर्चात आणि आपल्या भाषेच्या जवळ मिळते.

लाल उतार सहज जमू लागल्यामुळे आता आमची तयारी पुन्हा गुलमर्गची, अफरवतच्या मोकळ्या उतारांची चालली आहे. त्यासाठी आधी हिमस्खलन-सुरक्षेचा वर्ग करायचा, स्थानिक गाइड ठरवायचा आणि तिथल्या स्की पॅट्रोलची, म्हणजे उतारांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या पथकाची, रोजची सूचना वाचूनच वर जायचे, असे आम्ही ठरवले आहे. वाऱ्यामुळे किंवा ताज्या बर्फामुळे वरचा टप्पा बंद राहू शकतो, म्हणून परतीचे विमान तारीख बदलता येईल असेच काढणार आहोत.