जर्सी गाईचं बेट आणि तिथली डेअरी

जर्सी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गायच येते, पण जर्सी हे आधी एक बेट आहे. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, इनमिन ११८ चौरस किलोमीटर, कारभार ब्रिटिश राजघराण्याच्या छत्राखाली पण स्वतःची विधानसभा, स्वतःचे कायदे. आणि त्यातला मला सगळ्यात भारी वाटणारा कायदा गायींचा आहे!

झालं असं की बेटावरची गुरं इंग्लंडला विकताना जकात लागत नव्हती, मग काही व्यापाऱ्यांनी फ्रान्सची गुरं बेटावर आणून पुढे जर्सीचीच म्हणून पाठवायला सुरुवात केली. शेतकरी वैतागले, आणि १७८९ मध्ये बाहेरची गाय बेटावर आणायला कडक बंदी आली, आणलीच तर मोठा दंड. तिथून दोनशेच्या वर वर्षं एकच जात, एकच रक्त. १८६६ ला वंशावळीची नोंदवही सुरू झाली, हर्ड बुक म्हणतात ती.

आता बेटावर दूध काढायचं म्हणजे अडचण काय, तर दूध रोज येतं आणि चारही बाजूला समुद्र. एका डेअरीने भाव पाडला तर दुसरीकडे जाणार कुठे? १९५४ मध्ये जर्सी मिल्क मार्केटिंग बोर्ड झालं ते मला म्हणूनच फार महत्त्वाचं वाटतं. शेतकऱ्यांच्याच मालकीची संस्था, सगळ्यांचं दूध एकत्र घ्यायचं, पॅक करून विकायचं, उरलं की क्रीम, लोणी, आइस्क्रीम. या दुधाला फॅट पाच टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे लोणी-क्रीमला ते सोन्यासारखं. आज जर्सी डेअरी हे नाव त्याच बोर्डाचं आहे.

पण गोठे कमी होत गेले, एकेकाळी शेकडो होते ते आता वीसच्याही आत आलेत, त्यातच बाहेरच्या देशांतल्या जर्सी गायी जास्त दूध द्यायला लागल्या आणि बेटावरच्या मागे पडल्या. बंद दाराआड जात शुद्ध राहिली खरी, पण सुधारणा मात्र बाहेर होत राहिली, याचं मला खरंच वाईट वाटतं. यावर बरीच भांडणं झाली, लोकांचा जीव अडकला होता ना त्या जुन्या कायद्यात, आणि शेवटी २००८ मध्ये विधानसभेने बाहेरच्या जर्सी वळूंचं सीमेन, म्हणजे कृत्रिम रेतनासाठीचं वीर्य, आणायला परवानगी दिली. म्हणजे याच बेटावरून बोटीने गेलेल्या गायींची नातवंडं-पतवंडं, ती सीमेनच्या नळ्यांतून घरी परत आली.